तीन पट्ट्यांची भिशी

हेमांगी निगडेचा फोटो बावीस देशांत पोचला होता. फोटो म्हणून त्यात काही नव्हतं. ओळखपत्रासाठी कंपनीने बोलावलं तेव्हा ती नुकतीच स्कूटरवरून उतरली होती. केस विस्कटलेले, आणि 'हसा' म्हटल्यावर जसं येतं तसं हसू. पण शिरवळच्या त्या कारखान्यातून सापाच्या विषावरच्या औषधाची जी पेटी बाहेर पडे, तिच्यावरच्या खुणेवर फोन धरला की तीन चेहरे दिसत: हेमांगी, यास्मिन मुलाणी आणि मीनल तळेकर. प्रत्येक चेहऱ्याखाली हिरवा ठिपका, आणि बघणाऱ्याच्या भाषेत एक वाक्य. 'या पेटीतली प्रत्येक कुपी मी जागेपणी पाहिली आहे.'

'जागेपणी' हा शब्द करारातला होता. काही वर्षांपूर्वी एका औषधाच्या दूषित कुप्यांनी तीन देशांत माणसं दगावली. कुप्या कॅमेऱ्याने तपासलेल्या होत्या. कारखान्याने कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं, कॅमेरावाल्यांनी कारखान्याकडे, आणि दोघांनी मिळून प्रयोगशाळेकडे. न्यायालय दीड वर्ष माणूस शोधत राहिलं. कागद मिळाले, मशीन मिळालं, माणूस मिळाला नाही. तेव्हा औषधं विकत घेणाऱ्या देशांनी एकत्र बसून ठरवलं की कॅमेरे हवे तेवढे लावा, पण शेवटी तीन जिवंत माणसांनी, एकमेकांना न विचारता, प्रत्येक कुपी पाहिली पाहिजे. आणि पाहिली म्हणजे नुसते डोळे उघडे ठेवून नव्हे. याला साक्षी करार म्हणत.

माणसाने खरंच पाहिलं का, हे कळायचं कसं? मेंदूलाच विचारायचं. एखादी गोष्ट नजरेसमोरून नुसती गेली तर मेंदूत फारसं काही होत नाही. तिची दखल घेतली गेली, तर साधारण एक तृतीयांश सेकंदाने विजेची एक बारीक लाट उठते. डोक्याला बांधायची एक पट्टी ती लाट टिपते. इंजिनियरांनी त्या लाटेला लांबलचक नाव दिलं होतं. बायकांनी तिला 'हुंकार' म्हटलं. गोष्ट ऐकणाऱ्याने मधूनमधून हं म्हणावं, तसा मेंदू प्रत्येक कुपीला हं म्हणतो. कुपी खाचेत ठेवली, तिचा नंबर वाचला गेला, हुंकार आला, की हिरवं. नाही आला तर पट्टी कानामागे थरथरते. एका शिफ्टमध्ये तीस वेळा थरथरली की बाई तपासणीतून थेट पॅकिंगला.

आता आठ तास सलग लक्ष कुणाला देता येतं? करार लिहिणाऱ्या मंडळींनासुद्धा तो लिहिताना चारदा चहा लागला असेल. काम सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात यास्मिनची आई गेली. आठवड्याने ती कामावर आली आणि दुपारपर्यंत तिची पट्टी सव्वीस वेळा थरथरली. हेमांगीने ती काढून आपल्या डोक्याला लावली. वरून निर्जंतुक टोपी, त्यामुळे कुणाला दिसायचं कारण नव्हतं. त्या संध्याकाळी यास्मिन रडली ती आईसाठी की पट्टीसाठी, हे तिलाही सांगता आलं नसतं. पुढे मीनलताईंची अर्धशिशी उठली, तेव्हा यास्मिनने परतफेड केली. आणि मग मीनलताईंनी, ज्या आपल्या सोसायटीत दोन भिश्या चालवत, याचीही रीतसर भिशी लावली. सोमवार हेमांगी, मंगळवार यास्मिन, बुधवार मीनलताई, पुन्हा पहिल्यापासून. जिचा वार तिच्या डोक्यावर तीन पट्ट्या. तिने जीव तोडून बघायचं, बाकी दोघींनी शेजारी बसून कुपी हातात घ्यायची, फिरवायची आणि पुढे द्यायची. तिन्ही पट्ट्या पहिल्याच खाचेला जोडता येतात हेही मीनलताईंनीच शोधून काढलं. पहिल्या दिवशी आरशात बघून यास्मिन म्हणाली होती की अगदी मुंडावळ्या बांधल्यासारखं दिसतंय, नवरदेव तेवढा दाखवा.

तिघींनी अर्धं अर्धं लक्ष देण्यापेक्षा एकीने पूर्ण द्यावं, यात वाईट ते काय? हिशेब वरवर चोख होता. फक्त करारात तीन माणसं मोजली होती आणि खुर्चीत एकच होतं. आणि जे एक होतं, तेही आपण एकटे आहोत असं समजून कधी बसलं नाही, कारण शेजारी दोघी दिसत होत्या.

जूनमधल्या एका शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, हेमांगीच्या फोनवर निरोप आला. पेटीवरच्या खुणेतून कुणालाही साक्षीदाराला निरोप पाठवता येत असे. ते बहुधा आभाराचे असत. हेमांगी ते आधी नवऱ्याला वाचून दाखवी आणि नंतर, सहज म्हणून, जाऊबाईंना. हा निरोप आवाजातला होता. भाषांतराचं यंत्र तो मराठीत सपाट सुरात म्हणत होतं.

"मी आबिबा. उत्तर घानामधल्या एका आरोग्य केंद्रात नर्स आहे. तुमच्या पेटीतली पहिली बाटली माझ्या हातात आहे. तिच्यात पांढरे धागे तरंगताहेत. अजून अकरा आहेत. माझ्यासमोर नऊ वर्षांची मुलगी आहे, तिच्या हिरड्यांतून रक्त येतंय. डॉक्टर आणि दुसरी पेटी, दोन्ही एका दिवसाच्या वाटेवर आहेत. इथे लिहिलंय की तुम्ही प्रत्येक बाटली पाहिली. उरलेल्या देऊ का? तुम्ही सांगा."

फुरशाच्या जातीचा साप चावला की रक्त गोठायचं थांबतं. हे हेमांगीला प्रशिक्षणात शिकवलं होतं, चित्रांसकट. तिने डबा बंद केला आणि निरोपासोबत आलेला पेटीचा नंबर पाहिला. तपासणीची तारीख मार्चमधली, वार सोमवार. तिचा वार.

तो सोमवार तिला लख्ख आठवत होता. आदल्या दिवशी पुतणीच्या मुलाचं बारसं होतं. पंगत बसलेली असताना जाऊबाई तीस माणसांत म्हणाल्या, हेमांगीचं बरं आहे बाई, नुसतं बसायचं आणि बघायचं, बघण्याचा पगार. सगळे हसले. हेमांगीही हसली, आणि सोमवारचे आठ तास त्याला उत्तर शोधत बसली. चारच्या सुमारास फार छान उत्तर सुचलं. त्यातला शब्दन् शब्द तिला आजही पाठ होता. त्या दिवशीच्या दोन हजार कुप्यांपैकी एकही आठवत नव्हती.

आणि पट्टी एकदाही थरथरली नव्हती. वर्तमानपत्राआडून 'हं, हं' म्हणणारा नवरा ज्यांनी पाहिलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. चार वर्षांच्या सरावाने मेंदू शिकला होता की कुपी टकन खाचेत बसली की हुंकार द्यायचा. लाट दखलीची की सवयीची, हे पट्टीला ओळखता येत नव्हतं. ते ज्या एका ठिकाणी ओळखता येत होतं, ते ठिकाण आत्ता कॅन्टीनमध्ये बंद डब्यासमोर बसलं होतं.

साक्षीदाराने परस्पर उत्तर द्यायचं नाही, असा नियम होता. ती गुणवत्ता विभागाच्या रणपिसे साहेबांकडे गेली. रणपिसे हा घड्याळ बघून पाणी पिणारा माणूस. त्यांनी निरोप शांतपणे ऐकला, नोंद उघडली. तिघींसमोर सत्त्याण्णव टक्के. ठरलेलं उत्तर तयारच होतं: ही पेटी तीन जागृत साक्षीदारांनी पाहिली आहे. ते पाठवायला त्यांचा हात पुढे गेला, तेव्हा हेमांगी म्हणाली की मी पाहिलेली नाही.

साहेब म्हणाले की पट्टी तसं म्हणत नाही. ती म्हणाली, डोकं माझं होतं, त्यात काय चाललं होतं ते मला माहीत आहे. त्यावर ते म्हणाले की ते नोंदीत येत नाही. मग तिने भिशी सांगितली. पहिल्यापासून, यास्मिनच्या आईपासून. सांगताना ती टेबलाच्या कडेकडे बघत होती, त्यामुळे साहेबांनी पडदा तिच्याकडे वळवला हे तिला उशिरा कळलं. पडद्यावर तिघींच्या लाटांचे आलेख एकावर एक ठेवले होते. दिसत एकच रेघ होती.

"मला साडेतीन वर्षं ही एकच रेघ दिसतेय, हेमांगीताई," रणपिसे म्हणाले. "मी आंधळा आहे असं वाटलं का तुम्हाला?"

त्यांचं म्हणणं असं की कॅमेरे चांगले होते, त्यांचा कॅमेऱ्यावर भरवसा होता. कॅमेरा लावणाऱ्यांनी मात्र बारीक धागे आणि हवेचे बुडबुडे यांतला फरक सोडून दिला होता, कारण पुढे तीन बायका बघणार आहेत हे त्यांना माहीत होतं. बायका निर्धास्त होत्या, कारण आधी कॅमेरा होता. सगळेजण एकमेकांवर विश्वास ठेवून होते, मनापासून. त्या मनापासूनमधून पांढरे धागे निघून घानाला पोचले होते.

रणपिसे वाईट असते तर तिचं काम सोपं झालं असतं. पण ते बोलत होते ते खरं होतं. त्या बावीस देशांत हे औषध जवळजवळ एकट्या शिरवळहून जायचं. तिकडे पेरण्या चालू, सापांचे दिवस. ठिपका खोटा निघाला असं बाहेर गेलं तर आठवड्यात सगळ्या बंदरांवर माल अडकणार, चांगला वाईट सगळाच. दुसरा कारखाना उभा राहायला दोन वर्षं.

"या एका पेटीपायी तिकडे किती माणसं मेली तर चालतील, ते तुम्ही सांगा," ते म्हणाले. "मी आकडा लिहून घेतो."

साहेबांनी चष्मा पुसला आणि मधला मार्ग काढला. पेटी वापरू नका एवढं त्या नर्सला कळवू, कारण द्यायचं नाही, त्या दिवसाचा माल गाजावाजा न करता परत मागवू. हेमांगीने विचारलं, आणि ती मुलगी? साहेबांनी पुसलेला चष्मा पुन्हा पुसला.

कपडे बदलायच्या खोलीत दोघी होत्या. तिने सांगितलं तसं यास्मिनचं तोंड उतरत गेलं. तिच्या घरी अंथरुणाला खिळलेले अब्बा होते आणि त्या घरात कामाला जाणारं दुसरं कुणी नव्हतं. मग ती म्हणाली, "तू तुझं सांग ना. माझं नाव कशाला काढतेस?"

"माझं सांगितलं की तुझं आपोआप निघतं, यास्मिन. रेघ एकच आहे."

"आणि पट्टी तू घेतलीस तेव्हा मी मागितली होती का?"

याचं उत्तर हेमांगीला आठ तास दिले असते तरी सुचलं नसतं. यास्मिन बाहेर गेली. दार आपटलं असतं तर बरं झालं असतं, पण तिने ते हळूच ओढून घेतलं. मीनलताई बाकावर बसून राहिल्या होत्या. भिशी त्यांनी लावली होती आणि त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने उरले होते. हेमांगीला वाटलं आता त्याही उठतील. त्या म्हणाल्या, "आधी पोरीचं बघ. आपलं रडणं नंतर. लाव फोन, माझ्यासमोर लाव."

हेमांगीने निरोप आला त्याच वाटेने व्हिडिओ लावला. त्या वाटेवरचा प्रत्येक शब्द कराराच्या कार्यालयात जपून ठेवला जातो, हे तिला माहीत होतं. समोर निळ्या कपड्यांतली एक बारीक बाई आली. तिच्या मागे लाकडी बाकावर मुलगी निजलेली, आणि मुलीच्या तोंडाशी वाडगं धरून बसलेली तिची आई.

हेमांगीने मनात वाक्यं जुळवली नव्हती. ती म्हणाली, "मी त्या बाटल्या पाहिलेल्या नाहीत. माझ्याबरोबरच्या दोघींनीही नाहीत. तिथे लिहिलंय ते खोटं आहे. उरलेल्या आपण आत्ता बघू, पण कुणी आधी पाहिल्यात असं समजू नका. तसं समजलं की दिसत नाही."

यंत्राला भाषांतराला चार सेकंद लागत. चार सेकंदांनी आबिबाच्या चेहऱ्यावर राग येईल म्हणून हेमांगी थांबली. आबिबाने हातातली बाटली, तान्ह्या मुलाला खाली ठेवावं तशी खाली ठेवली, आणि विचारलं की कसं बघायचं.

मग हेमांगीने तिला सांगितलं. काळं कापड हवं. मुलीच्या आईने डोक्याचा रुमाल सोडून दिला. पांढरं हवं, नोंदवहीचं कोरं पान. बाटली हलवायची नाही, सावकाश उलटी करायची. बुडबुडा वर जातो, घाण खाली उतरते. काळ्यासमोर पाच मोजायचे, पांढऱ्यासमोर पाच. धागा उजेडात दिसत नाही, उजेडाच्या कडेला दिसतो. पहिल्या बाटलीत काही नाही असं आबिबा घाईने म्हणाली, तर हेमांगीने तिला पुन्हा मोजायला लावलं. दुसरी स्वच्छ. तिसरीत धागे. चौथी स्वच्छ. ती मराठीत मोजत होती, आबिबा तिच्या भाषेत, आणि यंत्राने थोड्या वेळाने आकड्यांचं भाषांतर करणं सोडून दिलं. वाडग्यात रक्ताची गुळणी पडल्याचा आवाज आला. दोघींपैकी कुणीही तिकडे पाहिलं नाही. सहाव्या बाटलीला हेमांगीच्या लक्षात आलं की आपल्या पाठीवर घामाची धार चालली आहे आणि आपल्याला जाऊ, नवरा, नोकरी काहीही आठवत नाहीये.

अकरांपैकी सहा स्वच्छ निघाल्या, चारांत धागे होते. एक अडली. आबिबा म्हणाली काही नाही. हेमांगीला काळ्यासमोर तळाशी केसाएवढं काही दिसलं, पांढऱ्यासमोर दिसलं नाही. काचेवरचा ओरखडा असेल, पडद्याचा दोष असेल. पुन्हा पाहिलं. पुन्हा तसंच. त्या मुलीला किमान आठ लागणार होत्या.

"चालेल की नाही?" आबिबाने विचारलं.

"मला माहीत नाही," हेमांगी म्हणाली. चार वर्षांत कामावर हे वाक्य तिने पहिल्यांदा उच्चारलं. पट्टीला त्यासाठी रंगच नव्हता.

आबिबाने सहा बाटल्या दिल्या. वीस मिनिटं गेली. रक्त कमी झालं, थांबलं नाही. तिने ती अडलेली सातवी उचलली, खिडकीशी नेली, स्वतः पाहिली, एकटीने, बराच वेळ. परत येऊन म्हणाली, "ही मी देते. माझ्या नावावर लिहा."

"माझंही लिहा," हेमांगी म्हणाली. मीनलताई मागून म्हणाल्या की दोनच कशाला, तिसरं घाला.

सोमवारी घानाने माल थांबवला. आठवडा संपेपर्यंत आणखी एकोणीस देशांनी. ज्यांच्या बंदरांत पेट्या पडून होत्या त्यांनी पेट्यांना कुलूप लावलं. तज्ज्ञ वाहिन्यांवर येऊन सांगू लागले की चूक पट्टीची आहे, दोन पट्ट्या लावायला हव्या होत्या. चौकशी समितीपुढे हेमांगीने सगळं लेखी दिलं, बारशासकट. समितीच्या अध्यक्षांनी बारसं वगळता येईल का असं विचारलं. ती नको म्हणाली. रणपिसे साहेबांनी सांगितलं की त्यांना या प्रकाराची कल्पना नव्हती, आणि नोंदीत ते तसंच आहे. तिघींना घरी बसवण्यात आलं. कारखान्याचं फाटक बंद झालं तेव्हा पॅकिंगच्या दोनशे बायकाही घरी बसल्या, ज्यांनी कधी पट्टी डोक्याला लावली नव्हती. आठवडी बाजारात यास्मिन समोरून आली, हेमांगीच्या नवऱ्याला सलाम केला, अब्बांची तब्येत कशी आहे ते सांगितलं आणि पुढे गेली. जाऊबाई एकदा येऊन बसून गेल्या. तिच्या कामाबद्दल चकार शब्द काढला नाही. हेमांगीला वाटलं, काढला असता तर बरं.

मुलगी वाचली. मेमुना तिचं नाव. साप चावला त्या हाताची दोन बोटं काढावी लागली. आबिबाने तिचा फोटो पाठवला होता, पट्टी बांधलेला हात वर केलेला. तो हेमांगीने कुणालाच दाखवला नाही.

जुलै संपत आला असताना, सकाळी ती तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा आबिबाचा आवाज पुन्हा आला.

"नवीन पेटी आलेली नाही. शहरातही नाही. काल एका सायकल दुरुस्त करणाऱ्या माणसाला आणलं. तोच साप. त्याच्या भावाला मी कपाट उघडून दाखवलं. त्याने विचारलं की अडवून ठेवलेले साठे बंदरात आहेत म्हणतात, ते का देत नाहीत? मी सांगितलं की त्यांवर कुणाचा विश्वास राहिला नाही. तो म्हणाला, माझा आहे, मला आणून दे. चार वाजता तो माणूस गेला. तुम्ही खरं सांगितलंत याबद्दल मी तुम्हाला दोष देत नाही. पण हे तुम्हाला माहीत नसावं, हे मला बरं वाटेना."

नवऱ्याने आतून विचारलं की कुणाचा फोन. तांदळाचं ताट तिने बाजूला सरकवलं. माफी लिहिली, खोडली. साहेबांनी मागितलेला आकडा आता एकपासून सुरू झाला होता आणि तो इथे थांबणार नव्हता, हे तिला दिसत होतं. शेवटी तिने एवढंच विचारलं की त्यांचं नाव काय होतं.

थोड्या वेळाने उत्तर आलं. नावाचं भाषांतर होत नाही, त्यामुळे यंत्र गप्प राहिलं आणि आबिबाचाच आवाज आला. हेमांगीने ते नाव मोठ्याने म्हणून पाहिलं. चुकलं. मधलं अक्षर घशातून यायचं होतं आणि तिच्याकडून ते जिभेवरच अडत होतं. तिने निरोप पुन्हा लावला, कान फोनला टेकवला आणि पुन्हा म्हटलं.